वाशातला भुंगा आणि परसातल्या माश्या: उन्हाळ्यात कुणाला राहू द्यायचं, कुणाला हलवायचं, कसं

होळी झाली, ऊन तापायला लागलं की मराठवाड्यात घरोघर एक प्रश्न हमखास निघतो. ओसरीत सकाळी झाडून काढलं, दुपारी त्याच जागी पुन्हा पिवळसर भुसा पडलेला. वर बघावं तर वाशाला गोल भोक आणि आजूबाजूला घूंऽ करत फिरणारा, अंगठ्याच्या पेराएवढा काळा भुंगा. मग कुणी रॉकेल आणतं, कुणी हिट मारतं, कुणी भोकात सिमेंट भरतं. बहुतेक वेळा यातलं काहीच करायची गरज नसते, आणि केलं तर भोकं कमी व्हायच्या ऐवजी वाढतात.

नेटवर शोधलं की बम्बलबीच्या घरट्यांबद्दल पानंच्या पानं सापडतात: शेवाळ भरलेली लाकडी पेटी ठेवा, उंदराच्या जुन्या बिळाजवळ ठेवा वगैरे. तो सल्ला आपल्या कामाचा नाही. बम्बलबी थंड हवेची माशी आहे. भारतात ती हिमालयाच्या पट्ट्यात, काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत दिसते. छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत, 42-43 अंशांच्या उन्हात ती राहत नाही. आपल्याकडे जो गुबगुबीत काळा प्राणी दिसतो तो लाकूड कोरणारा भुंगा. फरक पाहायचा तर पाठीमागचा भाग बघा. बम्बलबीच्या पोटावर दाट लव असते, भुंग्याचं पोट गुळगुळीत आणि चकचकीत काळं असतं. दुसरा फरक राहण्याचा. बम्बलबी राणी-कामकरी अशा वसाहतीत राहते, भुंग्याची मादी एकटीने भोक पाडते, एकटीने पिल्लांची सोय करते. एका वाशाला पाच भोकं असली तरी ते पाच शेजारी समजायचे, एक मोहोळ नव्हे.

आधी नीट ओळखा

उन्हाळ्यात घराभोवती दिसणाऱ्यांत मोजके प्रकार असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. ओळख चुकली की पुढचं सगळं चुकतं.

भुंगा दोन-तीन सेंटिमीटरचा, काळा, पंखांवर निळी-जांभळी झाक. एका जातीत मादीच्या छातीवर पिवळी लव असते आणि नर डोक्यापासून शेपटापर्यंत सोनेरी पिवळा असतो. त्यामुळे लोकांना वाटतं दोन वेगळे किडे आले. नर एका जागी हवेत थांबून पहारा देतो, तोंडासमोर येतो, पोरांच्या अंगावर धावल्यासारखं करतो. त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण ती हातात दाबली, कपड्यात अडकली तरच डंख मारते. घरट्यापाशी गेलात म्हणून झुंडीने उठत नाही, कारण झुंडच नसते.

कुंभारीण ही बारीक कमरेची माशी. भिंतीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात मातीची घरं करते आणि त्यात कोळी किंवा अळ्या भरून ठेवते. ही पण एकटी आणि घरट्याची राखण करत नाही. मातीचं घर नको असेल तर त्याला बाहेरून गोल भोक पडलेलं बघा. भोक आहे म्हणजे पिल्लू निघून गेलं, कलथ्याने खरवडून टाका. विजेच्या बोर्डाच्या पिनांच्या भोकांतही माती भरलेली सापडते. ती काढण्याआधी मेन स्विच बंद.

गांधीलमाशी पिवळी-तपकिरी, लांब पायांची. छज्जाखाली, जिन्याखाली, गोठ्याच्या पत्र्याला कागदासारख्या पदार्थाचं, उघड्या खणांचं घरटं. ही राखण करते.

मधमाश्या आपल्याकडे मुख्यतः तीन. फुलोरी माशीचं मोहोळ तळहाताएवढं, एका बारीक फांदीभोवती, डाळिंबात किंवा बोगनवेलीत. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, जुन्या पेटाऱ्यात, काळोखात. आणि आग्या, जिचं एकच मोठं पोळं उघड्यावर लटकतं, कधी कधी मीटरभर रुंद. पाण्याची टाकी, वडाची आडवी फांदी, उंच इमारतीची कड या तिच्या जागा. अजिंठ्याच्या कातळावर ही पोळी लटकलेली असतात.

भोक कुणाचं?

लाकडात भोक दिसलं म्हणजे भुंगाच असं नाही. तीन जणांत गोंधळ होतो.

बोटाच्या टोकाएवढं, साधारण 10 ते 15 मिलिमीटरचं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक असेल, खाली जाडसर भुसा असेल आणि भोकाखाली भिंतीवर पिवळट ओघळ असतील तर तो भुंगा. ओघळ म्हणजे त्याची विष्ठा, ओल्या फडक्याने निघते, चुन्याच्या भिंतीवर मात्र डाग राहतो. टाचणीच्या डोक्यापासून काडेपेटीच्या काडीएवढी बारीक भोकं, त्यातून पिठासारखी भुकटी, तो घूण किंवा भुंगेरा. आणि भोक नाहीच, पण लाकडावरून, भिंतीवरून मातीच्या नळ्या चढलेल्या, लाकूड ठोकलं की पोकळ वाजतं, ती वाळवी. घूण आणि वाळवी लाकूड खातात. भुंगा खात नाही, फक्त घर कोरतो आणि भुसा बाहेर टाकतो. भुंग्यासाठी वाळवीचं औषध मारणं म्हणजे पैसे वाया.

आतली रचना माहीत असेल तर इलाज कळतो. मादी आधी लाकडात सरळ दोन-तीन सेंटिमीटर आत जाते, मग काटकोनात वळून रेषांच्या दिशेने बोगदा नेते. बोगद्याच्या टोकाला फुलातल्या परागाचा आणि मकरंदाचा चिंचोक्याएवढा गोळा ठेवते, त्यावर तांदळाच्या दाण्यापेक्षा लांब असं एकच अंडं घालते, आणि भुशात लाळ कालवून पडदा घालते. मग पुढचा खण, पुन्हा गोळा, पुन्हा अंडं. एका बोगद्यात असे मोजकेच खण. अंड्यापासून उडता भुंगा व्हायला महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणजे बाहेरून शांत दिसणाऱ्या भोकात आत चार-सहा पिल्लं बसलेली असू शकतात. बाहेरून सिमेंट भरलं तर ती दुसरीकडून कोरून बाहेर येतात, एका भोकाची दोन होतात. नाही निघाली तर आत सडतात, मुंग्या लागतात, आणि अळ्यांसाठी सुतार पक्षी आला तर टोच्या मारून भोकाचा खड्डा करतो.

लाकडाला धोका आहे का?

सहा इंची सागवानी तुळईला दोन-चार भोकं असतील तर काहीही होत नाही. चिंता कुठे करायची? वासा दोन-अडीच इंचाचाच आहे आणि फूटभर लांबीत चार-पाच भोकं आहेत. भोकं भिंतीत बसलेल्या टोकाजवळ आहेत, जिथे सगळा भार येतो. किंवा जुन्या बोगद्यांत वर्षानुवर्षं भुंगे राहत आलेत, कारण पुढची पिढी नवं भोक पाडण्यापेक्षा जुनंच घर पुढे वाढवते आणि बोगद्याला फाटे फुटतात.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात हे जास्त नीट बघायला हवं. वर हातभर माती, तिचा भार सरांवर (छपराच्या आडव्या लाकडांवर) आणि तुळईवर. पावसात माती भिजली की वजन आणखी वाढतं. मृग लागायच्या आत, म्हणजे मे महिन्यातच, सरांची तपासणी करून घ्या. दाभण किंवा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरापर्यंत दाबून बघा. टोक सहज आत जात असेल तर दोष भुंग्याचा नाही, लाकूड आधीच कुजलेलं आहे आणि गळती कुठून होते ते शोधायला हवं. भुंगा कुजकं, मऊ, उन्हापावसाने फिकट झालेलं लाकूड आवडीने निवडतो. अशा सराला मधोमध टेकू देऊन सुताराला बोलवा, भोकं बुजवणं नंतरचं काम.

बांबूचं वेगळं. दोडक्या-कारल्याच्या, टोमॅटोच्या मांडवाचे बांबू भुंग्याला आयतं घर असतं, आत पोकळी असतेच. बांबू कापताना पेराच्या लगेच वर कापला तर वरचं तोंड बंद राहतं. पेरांच्या मधे कापला तर वर उघडी नळी राहते, त्यात पावसाचं पाणी साचून बांबूही लवकर कुजतो. बांबू पंधरा-वीस दिवस पाण्यात बुडवून मग वाळवतात, त्याने घूण कमी लागतो, भुंग्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नका.

बुजवायचं कधी

या कामात वेळ साधली की अर्धं काम झालं.

पहिली संधी म्हणजे नुकतं भोक. भुसा पडायला लागून दोन-चार दिवसच झालेत, तेव्हा बोगदा वळलेला नसतो आणि आत अंडं नसतं. सकाळी आठ-नऊच्या सुमारास मादी फुलांवर गेलेली असते. बॅटरीचा उजेड पाडून ती आत नाही याची खात्री करा, उदबत्तीची काडी हळूच सरळ आत घाला. दोन-तीन सेंटिमीटरवर अडली तर काम त्याच दिवशी करा. भोक भरा, लाकडाला तेल किंवा रंग लावा. ती परत येते, थोडा वेळ घिरट्या घालते आणि दुसरं लाकूड शोधते. म्हणून त्याच दिवशी तिच्यासाठी दुसरी जागा टांगलेली असली तर उत्तम, त्याबद्दल पुढे आहे.

काडी वळणाशी अडली पण बाजूला पोकळी लागते, भुसा पडायचा थांबलाय आणि मादी पिवळे पाय घेऊन, म्हणजे पराग लादून, आत जाते आहे, तर आत पिल्लांची तयारी झाली. आता दोन महिने थांबा. या काळात भोकाखाली जुनी चादर किंवा पत्रावळ धरून ठेवली की ओघळांचा त्रास मिटतो.

रिकामं झालं का ते असं ओळखा. वर्तमानपत्राचा सैल बोळा संध्याकाळी भोकात नुसता अडकवा, ठासू नका. कोरड्या, उबदार दिवसांत चार-पाच दिवस बोळा जागचा हलला नाही, नवा भुसा नाही, ओघळ नाही, कान लावला तर खरखर नाही, तर भोक रिकामं. ही परीक्षा पौष-माघाच्या थंडीत घेऊ नका. थंडीत मोठे भुंगे बोगद्यात गप्प बसून असतात, बोळा आठवडाभर हलत नाही आणि आपण जिवंत भुंग्यांवर भोक बंद करून बसतो.

बुजवायचं कसं

साहित्य कमी आहे: भोकाच्या मापाची सागाची किंवा कडुलिंबाची गोल खुंटी, लाकडाचा बारीक भुसा, फेविकॉल, सँडपेपर, रंग किंवा जवसाचं तेल.

रिकाम्या भोकातून जुना भुसा आणि पडदे वाकवता येईल अशा तारेने ओढून काढा. पोकळी मोठी असेल तर आधी सुतळीचा किंवा तारेच्या जाळीचा बोळा आत सारा, नाहीतर सगळा लगदा बोगद्यात जातो. भुसा आणि फेविकॉल कणकेसारखा घट्ट मळा, पाणी घालू नका. पाणी घातलेला लगदा वाळल्यावर आकसतो, कडेने फट पडते आणि भुंग्याला तीच फट सापडते. लगदा दाबून भरा, वर खुंटी फेविकॉल लावून लाकडी हातोडीने ठोका, बाहेर राहिलेली करवतीने कापा. एक दिवस वाळू द्या, मग सँडपेपर. नुसती पुट्टी किंवा पांढरं सिमेंट टिकत नाही. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि सिमेंट गळून पडतं.

बुजवण्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे रंग. भुंग्याला उघडं, कोरं लाकूड लागतं. प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात दिलेल्या लाकडाला तो सहसा तोंड लावत नाही. वार्निशचा उपयोग त्यापेक्षा कमी. रंग नको असेल तर उकळलेलं जवसाचं तेल: पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे, म्हणजे आत मुरतं. एक-दोन दिवसांनी दुसरा हात नुसत्या तेलाचा. वाशाची खालची बाजू आणि कापलेली टोकं कधी विसरू नका, भुंगा नेमका तिथूनच सुरुवात करतो. उन्हा-पावसात असलेल्या लाकडाला दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा एक हात द्यावा लागतो.

एक धोका सांगायलाच हवा. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी गोळा करून टाकली तर ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकते. एप्रिल-मेच्या उन्हात, कडब्याच्या गंजीशेजारी तर विचारूच नका. काम झालं की चिंध्या सुट्या पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा, मग फेका.

जळकं ऑइल बरेच जण फासतात. गोठ्याच्या खांबाला, कुंपणाच्या बल्लीला ठीक आहे. राहत्या घरात त्याचा वास महिनोन्महिने जात नाही, त्यावर पुढे रंग धरत नाही आणि आगीला निमंत्रण. रॉकेल, पेट्रोल भोकात ओतणं तर नकोच, लाकडी छपराखाली ते करणं म्हणजे घर पणाला लावणं.

भुंग्याला जागा द्या

हुसकावून तो जात नाही, शेजारच्या वाशाला लागतो. म्हणून त्याला वेगळी जागा दाखवणं हाच टिकाऊ उपाय. आणि तो राहावा असं परस असलेल्या माणसाला वाटायलाच हवं. वांगं आणि टोमॅटोच्या फुलात पराग उघडा पडत नाही, परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता अंगातले उडण्याचे स्नायू थरथरवतो आणि पराग झडून त्याच्या पोटावर पडतो. जवळ उभं राहिलं तर उडतानाच्या घूं पेक्षा वेगळा, किरर्र असा आवाज ऐकू येतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. बांधावरच्या तरवडाला, दारातल्या बहाव्याला हीच पद्धत लागते. शेवगा, कृष्णकमळ, रुई यांच्या मोठ्या फुलांवरही भुंग्याचं काम असतं, आणि तुरीच्या फुलावर तो दिवाळीच्या सुमारास दिसतो.

सगळ्यात सोपी आणि फुकटची जागा म्हणजे घायपाताचा दांडा. बांधावर घायपात फुलून गेला की उंच दांडा वाळतो, आत भेंडासारखा मऊ असतो. तो 60-70 सेंटिमीटरचे तुकडे करून घ्या. दोन-तीन तुकडे एकत्र बांधून आडवे टांगा. भुंगा स्वतः कोरून घेतो. सुरुवात व्हावी म्हणून 12 मिलिमीटरच्या ड्रिलने प्रत्येक तुकड्याला एक-दोन भोकं तीन सेंटिमीटर खोल पाडून ठेवा, जास्त खोल नको.

दुसरी पद्धत बांबूची. आतली पोकळी 12 ते 18 मिलिमीटर असलेले, 25-30 सेंटिमीटर लांबीचे तुकडे असे कापा की एका टोकाला पेर राहील आणि दुसरं टोक उघडं. पूर्ण वाळलेला बांबू घ्या, ओल्यात बुरशी येते आणि परागाचा गोळा नासतो. दहा-बारा तुकड्यांची मोळी तारेने आवळा. त्यातच दोन-चार तुकडे 6 ते 10 मिलिमीटर पोकळीचे घातले तर पानकापी माशी येते, जी गुलाबाच्या पानाच्या कडेला अर्धगोल तुकडे कापते. ते तुकडे ती खणाला अस्तर म्हणून लावते. गुलाबावर रोग पडला असं समजून फवारणी करू नका, झाड मरत नाही.

मोळी कुठे टांगायची यात चुका होतात. उंची साधारण डोक्याएवढी, दीड-दोन मीटर. तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी सावली. पश्चिमेच्या पत्र्याखाली टांगलेली मोळी मेमध्ये भट्टी होते, आतली पिल्लं जगत नाहीत. वाऱ्याने झुलता कामा नये, भिंतीला किंवा खांबाला दोन जागी घट्ट बांधा. तोंड जरा खाली कललेलं, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. लटकवलेल्या तारेला ग्रीस लावलं की मुंग्या चढत नाहीत. जिथे भोकं नको आहेत त्या वाशापासून सात-आठ मीटरवर टांगा, दारात नको. फेब्रुवारीच्या सुरुवातीला टांगली तर पहिल्याच उन्हाळ्यात वस्ती होण्याची शक्यता चांगली, मे उजाडल्यावर टांगून वाट बघू नका.

बांबू दोन-तीन वर्षांनी बदला. जुन्यात परजीवी आणि बुरशी साठते. बदलताना जुनी मोळी फेकू नका. ती एका खोक्यात ठेवा, खोक्याला एकच बोटभर भोक ठेवा, नवी मोळी वर टांगा. आतले भुंगे उजेडाच्या भोकातून निघून जातात आणि नव्या घराकडे वळतात.

परसात उन्हाळी फुलं असू द्या. वैशाखात बाकी सगळं करपतं, पण करंज, बहावा, तुळस, सब्जा, मागे लावलेला ताग यावर भुंगे टिकतात. फुलावर आलेल्या भाजीला फवारणी करायचीच वेळ आली तर सूर्य मावळल्यावर करा, सकाळी नाही.

पांढरीच्या भिंती

गावात जुनी गढी असेल, तिच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीला पेन्सिल जाईल एवढी शेकडो भोकं दिसतात. त्यात निळ्या पट्ट्यांची माशी राहते, तीही वांग्या-टोमॅटोवर भुंग्यासारखंच काम करते आणि डंख मारायच्या फंदात पडत नाही. संध्याकाळी बघा, नर माश्या वाळक्या काडीला जबड्याने पकडून, पाय सोडून, रांगेने झोपलेले असतात. मातीचं घर असेल आणि भोकं भिंतीच्या वरच्या कोरड्या भागात असतील तर सोडून द्या. पायाजवळ, ओल लागते तिथे असतील तर शेणमाती आणि भुसकटाचा गिलावा द्या. भुसकट नसलेला नुसता मातीचा गिलावा तडकतो आणि तडा म्हणजे माशीला तयार दार.

कूलर, माठ आणि तहानलेल्या मधमाश्या

उन्हाळ्यात घरात मधमाशी शिरते ती बहुधा पाण्यासाठी. पोळं थंड ठेवायला तिला पाणी लागतं आणि कूलरची ओली जाळी तिला सापडते. एकदा पाण्याची जागा ठरली की सगळं पोळं तिथेच येतं, म्हणून कूलर सुरू करायच्या आठवडाभर आधी दुसरं पाणी ठेवा. पसरट थाळी, त्यात खडे किंवा विटेचे तुकडे, पाणी दोन सेंटिमीटर. खडे नसले तर माश्या बुडतात. त्याहून चांगलं म्हणजे माठाच्या तळाला बारीक छिद्र, खाली गोणपाट, थेंबथेंब ओलं राहतं. कूलरपासून दहा-पंधरा मीटर लांब, सावलीत. एकही दिवस कोरडं पडू देऊ नका, पडलं की माश्या कूलरला परत. थाळी दोन दिवसांनी घासून घ्या, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

माश्या आधीच कूलरवर येत असतील तर बाहेरून मच्छरदाणीची जाळी लावा, पण जाळी वाळ्याच्या पॅनेलपासून चार बोटं दूर ताणून. पॅनेललाच चिकटवली तर तीही भिजते आणि माश्या जाळीवर बसून पाणी पितात. हवा थोडी कमी येते, तेवढं सोसावं लागतं.

गांधीलमाशी

फेब्रुवारी-मार्चमध्ये रुपयाएवढं घरटं आणि त्यावर एक-दोन माश्या असतात. तेव्हा लांब काठीने पाडलं तर काम होतं, जागेवर साबणाचा हात फिरवला की पुन्हा तिथेच बांधत नाही. घरटं तळहाताएवढं झालं, वीस-तीस माश्या दिसल्या, तर आधी ठरवा: ते येण्याजाण्याच्या वाटेवर आहे का? गच्चीच्या कोपऱ्यात उंचावर असेल तर राहू द्या, ती भाजीवरच्या अळ्या उचलून नेते. दारावर, जिन्यात, शाळेच्या वऱ्हांड्यात असेल तर हटवावं लागतं. रात्री, पूर्ण अंधार पडल्यावर, एक लिटर पाण्यात 20 मिलिलिटर भांडी घासायचा लिक्विड साबण घालून फवाऱ्याने तीन-चार मीटरवरून भिजवा. जाड कपडे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना गॉगल, बॅटरीवर लाल कागद, कारण पांढऱ्या उजेडाकडे त्या झेपावतात. शिडीवर चढून हे करू नका. चार माश्या अंगावर आल्या की माणूस शिडी सोडतो, आणि डंखापेक्षा पडण्यानेच जास्त मार लागतो. ज्याला आधी डंखाने सूज, धाप झाली आहे त्याने जवळही थांबू नये. टेंभा लावून जाळणं हा जुना प्रकार छपरासकट महागात पडतो.

आग्या

आग्या मोहोळ घरगुती काम नाही. त्याला सवयीचे मध काढणारे, अग्निशमन दल किंवा वनखात्याला कळवा. त्या दिवसापर्यंत एवढंच पाळा: खाली धूर नको, फटाका नको, ढोल-डीजे नको, पोरांना दगड मारू देऊ नका. रात्री पोळ्याजवळचा दिवा बंद ठेवा, माश्या उजेडावर येऊन खोलीत पडतात. घार किंवा माकडाने छेडल्यावरही मोहोळ उठतं, त्यामुळे पोळ्याखाली गाडी, गुरं, लग्नाचा मंडप ठेवू नका. बरेचदा फुलोरा संपला की आग्या स्वतःच स्थलांतर करते, मागे रिकामं मेण उरतं. ते मात्र काढून टाका, वासावर पुढच्या हंगामात नवी वसाहत त्याच कडेला येते.

मोहोळ उठलंच तर तोंड-नाक झाका आणि सरळ रेषेत पळत बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. हात झटकू नका. विहिरीत, तळ्यात उडी मारू नका, माश्या वर घोंघावत थांबतात आणि बुडण्याचा धोका वेगळाच. एक माशी डसली की त्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावतो. म्हणून डसलेला माणूस घटनास्थळी थांबता कामा नये.

डंख बसला तर

मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि विष सोडत राहतो. नखाने, कार्डाने, जसा निघेल तसा पण लगेच काढा, पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाची. भुंगा आणि गांधीलमाशीचा काटा राहत नाही, शोधत बसू नका. साबण-पाण्याने धुवा, फडक्यात गुंडाळून बर्फ किंवा माठातल्या पाण्याची घडी दहा मिनिटं. हातावर असेल तर अंगठी, बांगड्या आधी उतरवा, सूज आली की निघत नाहीत. चुना, तंबाखू, लोखंड घासणं यातून कातडी सोलण्यापलीकडे काही होत नाही.

धाप, घोगरा आवाज, ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी, उलटी, चक्कर यातलं एकही दिसलं तर वाट बघू नका, 108 लावा. अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, गोळीने भागत नाही. तोंडात किंवा घशात डंख, लहान मूल किंवा म्हातारं माणूस, किंवा वीस-पंचवीसपेक्षा जास्त डंख असतील तर माणूस बरा दिसत असला तरी दवाखान्यात न्या. जास्त विषाने किडनीला इजा होते आणि ती काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कळते. लघवी कमी किंवा तांबूस होते का त्यावर लक्ष ठेवा. डंख किती वाजता बसले आणि अंदाजे किती, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.